ऑस्बोर्न 1 बद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या कलेक्शनमध्ये मशीन बरीच आहेत पण लोक थांबतात ते ह्याच्यासमोर, आणि प्रश्न पण साधारण तेच तेच येतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. कोणाकडे हे मशीन असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर दुरुस्तीचा भाग नीट वाचा, घाई करू नका.

हे नक्की आहे काय? बघितल्यावर लॅबमधलं कुठलंतरी मीटर वाटतं.

हा कॉम्प्युटर आहे, पूर्ण कॉम्प्युटर. ऑस्बोर्न 1, साल 1981. बंद असताना हँडल लावलेल्या शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसतो, आडवा ठेवून दोन बाजूच्या क्लिप काढल्या की झाकण वेगळं होतं आणि ते झाकण म्हणजेच कीबोर्ड. आत मधोमध पाच इंची काळीपांढरी पिक्चर ट्यूब, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक फ्लॉपी ड्राइव्ह आणि ड्राइव्हच्या खाली फ्लॉप्या ठेवायला खण. सगळी पोर्टं पण समोरच दिलीत, सिरियल, मोडेम, प्रिंटर, त्यामुळे केबल लावायला मशीन फिरवावं लागत नाही.

आतलं सामान: झायलॉगचा झेड-80 प्रोसेसर 4 मेगाहर्ट्झवर, 64 किलोबाइट मेमरी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम सीपी/एम. हार्ड डिस्क नाही. माऊस तर नाहीच नाही.

हा जगातला पहिला पोर्टेबल कॉम्प्युटर का?

नाही, आणि कोणी तसं सांगून विकत असेल तर दुरुस्त करा त्यांना. आयबीएमचा 5100 हा 1975 मध्येच आला होता, त्याला पण पाच इंची स्क्रीन होती, वजन साधारण 25 किलो आणि किंमत जवळपास 9 हजार डॉलरपासून सुरू. झेरॉक्सने 1978 च्या सुमारास नोटटेकर नावाचं मशीन बनवलं होतं, दिसायला ऑस्बोर्नचा थोरला भाऊच वाटावा असं, पण ते विक्रीला कधी आलंच नाही. ऑस्बोर्नचं मोठेपण असं की उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर साध्या माणसाला दुकानात जाऊन घेता आला आणि तो खरोखर मोठ्या संख्येने खपला, एक वेळ अशी होती की महिन्याला 10 हजार मशीन जात होती. म्हणून "बाजारात चाललेला पहिला पोर्टेबल" असं म्हणा, ते बरोबर आहे.

किंमत किती होती? आणि एवढं काय मिळायचं त्यात?

1,795 डॉलर. तेव्हा डॉलर पावणेनऊ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साडेपंधरा हजार रुपयांच्या घरात, आणि ते अमेरिकेतल्या दुकानातले, आपल्याकडे आणायचं तर वर कस्टम ड्युटी वेगळी.

आता हे महाग की स्वस्त ते सोबत काय यायचं त्यावर ठरतं, आणि मला विचाराल तर ह्या मशीनची खरी गोष्ट इथेच आहे. त्या काळात कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे मशीन वेगळं, स्क्रीन वेगळी, ड्राइव्ह वेगळे, त्यांना जोडणारी कार्डं वेगळी, आणि हे सगळं जमलं की मग सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं, ते पण प्रत्येक प्रोग्रामचे शेकडो डॉलर मोजून. ऑस्बोर्नच्या खोक्यात लिखाणासाठी वर्डस्टार होता, एकच पत्र अनेक नावांनी काढायला मेलमर्ज होतं, सुपरकॅल्क नावाची स्प्रेडशीट होती, एमबेसिक आणि सीबेसिक ह्या दोन प्रोग्रामिंग भाषा होत्या आणि सीपी/एम तर होतंच. नुसतं सॉफ्टवेअर सुटं घेतलं असतं तरी दीड हजार डॉलरच्या आसपास गेलं असतं. म्हणजे वायर लावली, फ्लॉपी टाकली, की त्याच संध्याकाळी पत्र लिहा, हिशोब मांडा, प्रोग्राम करा. आज आपल्याला वाटतं की हे असंच असतं, पण हे असं असावं हे कोणीतरी ठरवून करून दाखवावं लागलं, आणि ते ॲडम ऑस्बोर्न ह्या माणसाने दाखवलं. सॉफ्टवेअर स्वस्तात मिळावं म्हणून त्याने काही सॉफ्टवेअर कंपन्यांना स्वतःच्या कंपनीचे शेअर्सपण दिले होते.

हा माणूस कोण? नाव इंग्रज वाटतं पण इंडियाशी काहीतरी संबंध आहे म्हणे?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. ॲडम ऑस्बोर्नचा जन्म 1939 चा, बँकॉकमधला, पण बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी, त्यांनी महर्षींवर पुस्तकं लिहिलीत. ॲडम तमिळ बोलायचा. अकराव्या वर्षाच्या सुमारास तो इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅमला केमिकल इंजिनिअरिंग केलं, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून पीएचडी आणि शेल कंपनीत नोकरी.

पुढे त्याने मायक्रोप्रोसेसरवर सोप्या भाषेत पुस्तकं लिहायला सुरुवात केली, ती इतकी चालली की स्वतःची प्रकाशन कंपनी उभी राहिली आणि ती 1979 मध्ये मॅकग्रॉ-हिलने विकत घेतली. त्याच पैशातून आणि त्याच ओळखीतून हा कॉम्प्युटर. मासिकांतून तो कॉम्प्युटर कंपन्यांवर सडकून टीका करायचा, आणि मग स्वतःच एक करून दाखवला. कंपनी बुडाल्यावर पेपरबॅक सॉफ्टवेअर नावाची स्वस्त सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तिच्यावर लोटस ह्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने 1987 मध्ये केस टाकली. नंतर तब्येत खूप बिघडली, 1990 च्या दशकात तो भारतात परत आला आणि 2003 मध्ये कोडाईकॅनॉलला वारला. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या इतिहासाच्या गप्पांत ह्याचं नाव फारसं येत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मशीनचं डिझाईन मात्र त्याचं नाही. ते ली फेल्सनस्टाइनचं. हा होमब्रू कॉम्प्युटर क्लब ह्या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबमधला माणूस, त्याआधी सोल-20 नावाचा कॉम्प्युटर त्यानेच डिझाईन केलेला. ऑस्बोर्नने सांगितलं की विमानाच्या सीटखाली बसला पाहिजे, आणि फेल्सनस्टाइनने बसवला. एप्रिल 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये तो पहिल्यांदा लोकांना दाखवला. आयबीएमचा पीसी यायला तेव्हा अजून चार महिने होते.

वजन किती आहे? खरंच कोणी हे घेऊन फिरायचं का?

साधारण 11 किलो. आणि हो, फिरायचे. पत्रकार, हिशेबनीस, सेल्सवाले, साइटवर जाणारे इंजिनिअर. मांडीवर घेऊन चालवायचं नाहीये हो, ते लॅपटॉपशी लावून बघू नका. ऑफिसमधून उचलायचं, गाडीत टाकायचं, घरी किंवा क्लायंटकडे टेबलवर ठेवायचं, वायर लावायची. त्याआधी कॉम्प्युटर जिथे असेल तिथे माणसाने जायचं असा प्रकार होता. हातात धरून चालताना हँडल बोटांना चांगलंच काचतं पण जिन्यावरून एकटा माणूस एका हाताने नेऊ शकतो, हे मी नेहमी करून दाखवतो.

बॅटरी किती वेळ चालायची?

बॅटरी नाहीच. भिंतीतल्या प्लगवरच चालतो. समोर बॅटरी जोडायला सॉकेट दिलंय आणि बाहेरच्या कंपन्यांचे बॅटरी पॅक मिळायचे, तासभर काम निघेल इतपत. पॅक शोधत बसू नका, मिळाला तरी आतले सेल केव्हाच मेलेले असणार.

एवढ्याशा स्क्रीनवर वाचता यायचं?

यायचं, आणि अजून येतं. एका ओळीत 52 अक्षरं आणि अशा 24 ओळी. टाइप केलेल्या कागदावर ओळ 80 अक्षरांची असते, मग बाकीची 28 कुठे गेली? ती मेमरीत असतात. मशीन आतमध्ये 128 अक्षरांची रुंद ओळ धरून ठेवतं आणि स्क्रीन ही त्याच्यावरची सरकती खिडकी आहे, कंट्रोल धरून बाणाची कळ दाबली की खिडकी डावी-उजवीकडे सरकते. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे विचित्र वाटतं पण सुपरकॅल्कची रुंद शीट बघायला हे मस्त आहे, थोड्या वेळात बोटं आपोआप तिकडे जायला लागतात. अक्षरं बारीक आहेत पण धारदार आहेत, समोर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टचे नॉब आहेत ते जरा फिरवून बघा, बहुतेकांची तक्रार तिथेच संपते.

नंतर स्क्रीन-पॅक म्हणून एक अपग्रेड आला, त्याने 80 किंवा 104 अक्षरं दिसायची आणि बाहेरचा मॉनिटर लावता यायचा. ज्या मशीनमध्ये तो आहे ते जपून ठेवा.

चालू केल्यावर नक्की काय होतं? एकदा नीट सांगा ना.

स्विच टाकला की ट्यूब तापायला काही सेकंद लागतात, मग स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि खाली सूचना, की ए ड्राइव्हमध्ये डिस्क टाका आणि रिटर्न दाबा. डावीकडचा ड्राइव्ह ए. फ्लॉपी सरकवायची, ड्राइव्हचं दार बंद करायचं, रिटर्न. लाल दिवा लागतो, हेड खरखर करत पुढे जातं, तो आवाज एकदा ओळखीचा झाला की ड्राइव्ह तंदुरुस्त आहे का नाही ते कानानेच कळतं. मग ए प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची जागा. डीआयआर टाइप केलं की फाइलींची यादी.

वर्डस्टार चालवायचा तर त्याची डिस्क ए मध्येच राहू द्यायची कारण तो लागतील तसे स्वतःचे तुकडे डिस्कवरून मेमरीत आणत असतो, आणि आपलं लिखाण बी ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवर. म्हणून दोन ड्राइव्ह लागतात, चैन म्हणून दिलेले नाहीत. कर्सर हलवायला कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स, लिहून झालं की कंट्रोल-के-डी. एका फ्लॉपीवर जेमतेम 91 किलोबाइट मावतात, दुहेरी अंतरात टाइप केलेली चाळीसेक पानं धरा. नंतर डबल डेन्सिटीचा अपग्रेड आला त्यात जागा दुप्पट झाली.

ह्यावर मराठी टाइप होतं का?

नाही. अक्षरांचे आकार एका रॉम चिपमध्ये कायमचे भाजलेले आहेत आणि त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि काही चौकटी-रेघांची चिन्हं एवढंच आहे. आपल्या लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम पुढे जिस्ट तंत्रज्ञानाने झालं, त्याची सुरुवात आयआयटी कानपूरची आणि मग पुण्याच्या सी-डॅकने ते पीसीच्या कार्डपर्यंत नेलं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

कंपनी बुडाली का? ते "ऑस्बोर्न इफेक्ट" काय प्रकरण आहे?

सांगितलं जातं ते असं: 1983 च्या सुरुवातीला ऑस्बोर्नने पुढचं मॉडेल, एक्झिक्युटिव्ह, लोकांना दाखवून टाकलं, सात इंची स्क्रीन, 80 अक्षरांची ओळ, 128 किलोबाइट मेमरी. नवीन येतंय म्हटल्यावर दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, जुना माल पडून राहिला, नवीन तयार नाही, पैसा आटला, आणि 13 सप्टेंबर 1983 ला दिवाळखोरीचा अर्ज. तेव्हापासून पुढचा माल आधी जाहीर करून चालू माल मारून टाकणं ह्याला ऑस्बोर्न इफेक्ट म्हणतात, मोबाईल कंपन्यांच्या बातम्यांत अजून हा शब्द दिसतो.

पण एवढ्या एका कारणावर सगळं ढकलणं मला पटत नाही. 1982 मध्ये केप्रो 2 आला, तसाच सीपी/एम, तसंच सॉफ्टवेअर सोबत, किंमत पण तीच, पण स्क्रीन नऊ इंची आणि पूर्ण 80 अक्षरं. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर गिऱ्हाईक काय उचलणार? मग 1983 च्या सुरुवातीला कॉम्पॅक पोर्टेबल बाजारात आला, तो आयबीएम पीसीचे प्रोग्राम चालवायचा, आणि जगाने आता आयबीएमच्या वाटेने जायचं ठरवलं होतं. वर एक्झिक्युटिव्हची किंमत 2,495 डॉलर, म्हणजे स्वस्तात सगळं देण्याचा जो ह्यांचा हुकमी एक्का होता तोच गेला. कंपनी दोन वर्षांत इतकी भराभर वाढली होती की माल किती, पैसे किती, ह्याचा हिशोब ठेवणारी माणसं आणि पद्धत मागे राहिली. घाईची घोषणा नडली हे खरंच आहे पण ती नसती केली तरी हे मशीन 1983 च्या बाजारात फार टिकलं नसतं.

तपकिरी आणि निळसर असे दोन रंग दिसतात, फरक काय?

सुरुवातीचं खोकं फिक्या तपकिरी रंगाचं, नंतरचं निळसर-करडं. नंतरचं खोकं जास्त मजबूत आहे. तपकिरी कमी दिसतात म्हणून कलेक्टर त्याच्या मागे असतात. मी म्हणेन की रंगापेक्षा मशीन चालू आहे का, सोबत मूळ फ्लॉप्या आणि मॅन्युअल आहे का ते बघा. ह्याचं मॅन्युअल फार छान लिहिलेलं आहे, ज्याने आयुष्यात कॉम्प्युटर बघितला नाही त्याला हाताला धरून नेतं.

मला एक मिळालाय, वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होता. चालू करून बघू का?

नाही! थांबा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

पहिलं म्हणजे व्होल्टेज. अमेरिकेतून आलेलं मशीन 115 व्होल्टवर सेट असू शकतं, आपल्या 230 ला लावलं की पॉवर सप्लाय गेला. मागचं लेबल वाचा आणि शंका असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापरा.

दुसरं, त्या काळच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला कागदी इन्सुलेशनचे फिल्टर कपॅसिटर असतात, पिवळट पारदर्शक कवचाचे. वय झालं की कवचाला भेगा पडतात, आत दमट हवा शिरते आणि करंट दिल्यावर काही मिनिटांत फुटून घरभर घाणेरडा धूर होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. दिसले की काढून नवीन एक्स टाइप सेफ्टी कपॅसिटर टाका, किरकोळ खर्चाचं काम आहे, लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतील.

तिसरं, आत पिक्चर ट्यूब आहे. जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना माहिती असतं की प्लग काढल्यावरसुद्धा ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ज्याला ट्यूब डिस्चार्ज करता येते त्याच्याकडूनच खोकं उघडून घ्या, यूट्यूब बघून स्वतः हात घालू नका. गल्लीत एखादा जुना टीव्ही मेकॅनिक अजून असेल तर त्याला बोलवा, ह्या ट्यूबशी त्याचा हात बसलेला असतो.

हे झालं की सप्लायचे व्होल्टेज मीटरने तपासा, 5 आणि 12 नीट येतायत का बघा, आणि मगच बोर्ड जोडा.

चालू झाला पण स्क्रीन काळीच आहे.

आधी समोरचा व्हिडिओचा कनेक्टर बघा. बाहेरचा मॉनिटर लावायची जागा आहे तिथे एक छोटा जोडप्लग असतो, तो बसलेला असेल तरच आतल्या स्क्रीनला सिग्नल जातो. तो काढून हरवला म्हणून "बिघडलेली" ठरवून विकलेली मशीन असतात. तो जागेवर असेल आणि नॉब पण फिरवून बघितले असतील तर मग पुढची शोधाशोध.

फ्लॉपी वाचत नाही, आणि ड्राइव्ह बदलू का?

ड्राइव्ह बदलायची घाई नको. आत बहुतेकदा सिमेन्सचे ड्राइव्ह असतात पण त्यावर ऑस्बोर्नचा स्वतःचा बोर्ड आहे, डेटा आणि पॉवर दोन्ही एकाच पट्टी केबलमधून जातात, त्यामुळे पीसीचा ड्राइव्ह उचलून लावता येत नाही, लावलात तर काहीतरी जळेल. आधी हेड साफ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, हलक्या हाताने. हेड ज्या दांड्यांवर सरकतं तिथलं सुकलेलं ग्रीस पुसून थोडं नवीन लावा. बरेच ड्राइव्ह एवढ्यावर उठतात.

आणि फ्लॉपी तपासल्याशिवाय टाकू नका. उजेडात तिरकी धरून गोल फिरवून बघा, पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, ती हेडला लागली की पुढची प्रत्येक फ्लॉपी खराब करते. कोऱ्या फ्लॉप्या घेताना 360 किलोबाइटवाल्या घ्या, 1.2 मेगाबाइटवाल्या चालत नाहीत, त्यांचा चुंबकी थर वेगळा असतो.

जुन्या फ्लॉपीतला डेटा आजच्या कॉम्प्युटरवर कसा आणायचा?

दोन रस्ते. मशीन चालू असेल तर सिरियल केबल लावा आणि केर्मिट हा फाइली पाठवायचा प्रोग्राम वापरा, ऑस्बोर्नसाठी तो आहे. 1200 बॉडच्या वेगाने एक भरलेली फ्लॉपी पाठवायला तेरा मिनिटांच्या वर लागतात, चहा घेऊन बसा. मशीन बंद असेल तर पाच इंची ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड घ्या, ते फ्लॉपीवरचे चुंबकी सिग्नल जसेच्या तसे उचलतं. पीसीचे साधे फ्लॉपी कंट्रोलर इथे बरेचदा हात टेकतात कारण ऑस्बोर्नचं सिंगल डेन्सिटी रेकॉर्डिंग त्यांना वाचता येत नाही. काही झालं तरी आधी इमेज, म्हणजे फ्लॉपीची हुबेहूब नक्कल, काढा, मग प्रयोग करा. वर्डस्टारच्या फाइली उघडल्यावर शब्दांची शेवटची अक्षरं चित्रविचित्र दिसतील, घाबरू नका, डेटा शाबूत आहे, वर्डस्टार तिथे आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरायचा.

मशीन नाहीये, पण चालवून बघायचंय.

मेम (MAME) म्हणून जुन्या मशीनची नक्कल आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात ऑस्बोर्न 1 पण आहे, रॉम आणि डिस्क इमेज लागतील. 52 अक्षरांची सरकती खिडकी कळायला तेवढं पुरे. अमेरिकेत असाल तर माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमच्या संग्रहात हे मशीन आहे.

पावसाळ्यात कसा ठेवायचा?

झाकण लावून, प्लास्टिकच्या पिशवीत नाही तर सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर. फ्लॉप्या खणात न ठेवता वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि जेल अधूनमधून वाळवून घ्या. आणि नुसता ठेवू नका, महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, दोन्ही ड्राइव्ह फिरू द्या, एखादी फाइल लिहा आणि परत वाचून बघा. आवाज बदललेला वाटला की तेव्हाच उघडून साफ करा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.